तालीम : कुस्तीची, गाण्याची आणि ड्रमची

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सांस्कृतिक संध्येत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहिलेल्या एक-दोन गोष्टी येथे घातल्या आहेत.)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. बांधकाम, पाण्याची टाकी, कन्व्हेयन्स, रंगकाम या सगळ्यांवर सेक्रेटरीसाहेब आत्ताच बोलले. मला कमिटीने सांगितले, "काका, तुम्ही काहीतरी सांस्कृतिक बोला, पण वीस मिनिटांच्या वर जाऊ नका." बँकेत आयुष्य गेले, त्यामुळे वेळेवर शटर ओढायची सवय आहे. काळजी नसावी.

मी आज एका ड्रम वाजवणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. नाव त्रिलोक गुर्टू. जन्म मुंबईचा, 30 ऑक्टोबर 1951 चा. म्हणजे माझ्याच पिढीचा माणूस. जॅझ नावाचे जे अमेरिकन संगीत आहे, त्यात तालवादक म्हणून जगभर ज्यांचे नाव घेतले जाते, त्यांपैकी हे एक. आता मुडशिंगीत बसून जॅझच्या ड्रमची गोष्ट कशाला, असे कुणाच्या मनात येईल. त्याला दोन कारणे आहेत. एक, या माणसाच्या संगीताचे मूळ शोधत गेले तर ते आपल्या कोल्हापुरात येऊन पोहोचते. आणि दुसरे, पुढच्या महिन्यात आपली सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे : 'कम्युनिटी हॉलमध्ये मुलांना वाद्यांच्या सरावास परवानगी देणेबाबत.' त्याच्याकडे मी शेवटी येतो.

आधी मुलांसाठी, हा ड्रमसेट म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे जत्रेत किंवा कुस्तीच्या मैदानात हलगी वाजते, तेव्हा माणसे किती असतात? एकाच्या हातात हलगी, दुसऱ्याकडे घुमके, तिसऱ्याकडे कैताळ. तिघे मिळून एक ताल उभा करतात. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. तिथेही रस्त्यावरच्या बँडमध्ये असेच होते. मोठा ढोल एकाकडे, छोटा ड्रम दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे. पुढे हे बँड रस्त्यावरून नाचघरात गेले. जागा कमी आणि मालक पैसे देणार मोजके. मग एकाच माणसाने ही सगळी वाद्ये बसून वाजवायला सुरुवात केली. 1909 साली लुडविग नावाच्या माणसाने पायाने ढोल वाजवायच्या पेडलचे पेटंट घेतले आणि दोन हात, दोन पाय मिळून चार माणसांचे काम एक माणूस करू लागला. म्हणजे ड्रमसेट हा हलगी-घुमके-कैताळाचाच चुलतभाऊ आहे. फक्त अमेरिकेत त्याची 'स्टाफ कपात' झाली!

आता गुर्टूंच्या घराकडे वळू. त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

राजर्षी शाहू महाराजांनी खासबागचे कुस्ती मैदान बांधले, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण महाराजांनी गाण्यासाठी काय केले? अल्लादिया खाँसाहेबांना दरबार गायक म्हणून कोल्हापुरात आणले. खाँसाहेब 1922 साली महाराजांचे निधन होईपर्यंत इथे राहिले आणि नंतर मुंबईला गेले. आज ज्याला जयपूर-अत्रौली घराणे म्हणतात, ते त्यांचे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्याच शिष्या. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगाच नाही.

खाँसाहेबांच्या शिष्यांमध्ये मेनकाबाई शिरोडकर या गायिका आणि नृत्यांगना होत्या. त्यांची मुलगी भानुमती, जन्म बेळगावचा, 1925 चा. या मुलीचे पहिले रीतसर शिक्षण कुठे झाले? आपल्या कोल्हापुरात, अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भूर्जी खाँसाहेब यांच्याकडे. मल्लिकार्जुन मन्सूर आणि धोंडूताई कुलकर्णी यांचेही हेच गुरू. भूर्जी खाँसाहेबांच्या घरच्या मंडळींना ही पोर इतकी आवडली की ती तासन् तास त्यांच्याच घरी असायची. तेव्हा शिकवणीचा 'पाच ते सहा' असा तास नव्हता. घरात कोण शिकतेय, कोण चुकतेय, खाँसाहेब कुणाला काय सांगतायत, हे सगळे कानावर पडायचे. यालाच तालीम म्हणायचे.

ही भानुमती पुढे बेळगावच्या गुर्टूंच्या घरात सून म्हणून गेली आणि शोभा गुर्टू झाली. आता समोरच्या भगिनींच्या चेहऱ्यावर ओळख दिसली! ठुमरी, दादरा, कजरी, होरी म्हटले की शोभाताईंचे नाव पहिल्या ओळीत येते. 2002 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे सासरे नारायणनाथ गुर्टू बेळगावला पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि स्वतः सतार वाजवायचे. पोलीस अधिकारी, सतार आणि घरात गाणारी सून! त्या काळात किती सासऱ्यांनी सुनेचे गाणे चालू दिले असेल, याचा विचार करा.

पुढे मुंबईत मेनकाबाईंना ठुमरी शिकवण्यासाठी घम्मन खाँसाहेब आले आणि घरातच राहिले. त्यांच्याकडून शोभाताईंनी ठुमरी-दादरा उचलला. म्हणजे या घरात दोन गोष्टी होत्या. एक जयपूर घराण्याची पक्की लय. या गायकीत गवई मात्रेच्या आतल्या पाव-पाव हिश्श्याचे भान ठेवून आवर्तन भरत जातो. आम्ही कॅशियर लोक जसे पैशाला पैसा जुळवून खाते बंद करायचो, तसे ते मात्रेला मात्रा जुळवून समेवर येतात. आणि दुसरी गोष्ट ठुमरी. ठुमरीत शेवटी शेवटी 'लग्गी' येते. गायिका मुखडा धरून ठेवते, लय वाढते आणि तबलजीला मोकळे सोडले जाते. आता तू तुझे काय ते वाजव! दोन-तीन मिनिटे तो आपले मन मोकळे करतो आणि तिहाई घेऊन पुन्हा गाण्याच्या हातात ताल देतो.

जॅझमध्येही हेच चालते. सगळे मिळून एक धून वाजवतात, मग एकेकाला मोकळे सोडतात, आणि मोजून ठरलेल्या जागी सगळे पुन्हा एकत्र येतात. माझे मत असे की, ज्या मुलाच्या कानावर पाळण्यापासून लग्गी पडली, त्याला जॅझ परके वाटायचे कारणच नव्हते.

शोभाताईंना तीन मुलगे. रवी, त्रिलोक आणि नरेंद्र. त्रिलोक पाच-सहा वर्षांचा असताना तबल्यावर बसला. पुढे शाह अब्दुल करीम यांच्याकडे तबला शिकला. मोठा भाऊ रवी हाही तालवादक. दोघा भावांनी पोरवयातच तालवाद्यांचा एक संच उभा केला होता. शाळा मात्र तुमच्या-आमच्या मुलांसारखीच, माटुंग्याची डॉन बॉस्को. संगीतासाठी वेगळी काही शाळा नव्हती. शाळेतून घरी आले की घर हीच संगीतशाळा.

आता मुंबईतल्या जॅझविषयी थोडे. हे संगीत आपल्याकडे 1930 च्या दशकातच आले होते. ताज हॉटेलात टेडी वेदरफोर्डसारखे अमेरिकन कृष्णवर्णीय कलावंत वाजवायचे. त्यांचे ऐकून आपले गोव्याचे वादक तयार झाले. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुले मुंबईत आली, रात्री हॉटेलात जॅझ वाजवू लागली आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. भगवानदादांचा 'अलबेला' आठवतो ना? सी. रामचंद्रांचे संगीत. त्यात वाजवणारा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट हा गोव्याचा जॅझवाला! 'अलबेला' आला 1951 साली आणि त्रिलोकचा जन्मही त्याच वर्षीचा. म्हणजे आपण ज्या गाण्यांवर वरातीत नाचलो, त्यात जॅझ होतेच. आपल्याला कुणी सांगितले नव्हते, इतकेच.

तरुण त्रिलोकने परदेशी रेकॉर्ड ऐकायला सुरुवात केली आणि 1970 च्या दशकात तो ड्रमसेटवर बसला. इथे एक गंमत झाली. ती त्यांनी स्वतः जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकावरच्या 1995 च्या टीव्ही कार्यक्रमात सांगितली आहे. मुलांनो, नीट ऐका. परदेशात रेकॉर्डिंग करताना तेव्हा एक युक्ती वापरायचे. एका पट्टीवर एक वाद्य वाजवून ठेवायचे, मग तेच ऐकत दुसऱ्या पट्टीवर दुसरे, मग तिसरे. शेवटी सगळे एकत्र करायचे. याला ओव्हरडबिंग म्हणतात. त्रिलोकला हे ठाऊकच नव्हते! रेकॉर्डवर एकाच वेळी चार ताल ऐकू यायचे. त्याला वाटायचे, हे एका वेळी एकच माणूस वाजवतोय. मग त्याने ते सगळे एकट्याने वाजवायचा सराव सुरू केला. ज्या गोष्टीला दुसऱ्या कुठल्याही वादकाने हात लावला नसता, ती तो शिकून बसला.

आपण म्हणतो, मुलाला चांगला क्लास पाहिजे, चांगले साहित्य पाहिजे, गाईड पाहिजे. पाहिजेच. मी नाही म्हणत नाही. पण या मुलाकडे काय होते? कान होता, वेळ होता, आणि चुकीचे-माकीचे बडवले तरी 'बंद कर ते' असे न म्हणणारे घर होते. आणि आई कोण? जिला स्वतःला रोज रियाज करायचा आहे, जिच्या कानाला जरासा बेसूर खपत नाही, अशी गायिका. तिने घरात ड्रम सहन केला!

पुढे तो युरोपला गेला. सुरुवातीच्या काळात चार्ली मारियानो, डॉन चेरी, टेरये रिप्डाल अशा मोठ्या वादकांबरोबर त्याने वाजवले. जर्मनीत 'एम्ब्रियो' नावाचा एक बँड होता. त्यांची 1977 ची 'अपो-कॅलिप्सो' ही रेकॉर्ड म्हणजे त्रिलोकच्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी एक. तिच्यात आणखी कोणाचा आवाज आहे? शोभाताईंचा! मुलगा परदेशात बडबड वाजवत सुटला म्हणून कपाळाला हात लावायचा सोडून आई त्याच्याबरोबर गायला उभी राहिली. दहा-अकरा वर्षांनी त्याने स्वतःच्या नावावर पहिली रेकॉर्ड काढली, 'उस्फ्रेट'. तिच्यातही एकीकडे डॉन चेरीचे ट्रम्पेट, राल्फ टाऊनरची गिटार, आणि मध्ये शोभाताई. कोल्हापुरात भूर्जी खाँसाहेबांच्या घरी घडलेला गळा असा जॅझमध्ये गेला.

मधल्या काळात एक दुःखद घटना घडली. अमेरिकेत 'ओरेगॉन' नावाचा नामवंत संच होता. त्यातला तालवादक कॉलिन वॉलकॉट हा पं. रविशंकरांकडे सतार आणि उस्ताद अल्लारखाँकडे तबला शिकलेला. नोव्हेंबर 1984 मध्ये दौऱ्यावर असताना पूर्व जर्मनीत मोटार अपघातात तो गेला. अशा माणसाची जागा भरणार कोण? संचाने त्रिलोकला बोलावले. तीन रेकॉर्ड त्याने त्यांच्याबरोबर केल्या. त्यानंतर इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन याने आपल्या त्रिकुटात घेतले. हा तोच मॅक्लॉफ्लिन, ज्याने आधी झाकीर हुसेनना बरोबर घेऊन 'शक्ती' काढली होती. झाकीरभाई मार्च 1951 चे, त्रिलोक ऑक्टोबर 1951 चे, दोघेही मुंबईचे. झाकीरभाई आज आपल्यात नाहीत, पण एकाच गावात एकाच वर्षात किती ताल जन्माला आला बघा. मॅक्लॉफ्लिनच्या त्रिकुटाचा लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधला 1989 चा कार्यक्रम रेकॉर्डवर आहे. मुलांना मोबाईलवर सापडेल. जरूर ऐका.

ऐकण्यापेक्षाही बघा. कारण त्रिलोक गुर्टू ड्रमवाल्यासारखे स्टुलावर बसत नाहीत. जमिनीवर अर्धे गुडघे टेकून वाजवतात. नेहमीचा तो मोठा बास ड्रम नाही. शेजारी तबला, ड्रम, झांजा, घंटा, आणि चक्क पाण्याची बादली! वाजवलेली झांज ते पाण्यात बुडवतात. झांज पाण्यात शिरली की तिचा स्वर खाली घसरतो, मींड घेतल्यासारखा. घरी गेल्यावर स्टीलचे ताट वाजवून बादलीत हळूहळू बुडवून बघा. आईला विचारून हं! परदेशात जाऊन त्यांनी तिथले वाद्य घेतले, पण बैठक मोडली नाही. अमेरिकेतल्या 'डाऊनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना अनेक वेळा सर्वोत्कृष्ट तालवादक म्हणून निवडले, ते या स्वतःच्या वाजवण्यासाठी.

आता सातव्या विषयावर येतो. माझी दहा-बारा मिनिटे झाली आहेत, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये.

कोल्हापुरात 'तालीम' या शब्दाचे दोन अर्थ. गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम ही एक, आणि खाँसाहेब देतात ती दुसरी. दोन्हीकडे नियम सारखाच आहे. पोराला पडायला, आपटायला, चुकायला हक्काची जागा पाहिजे. तालमीत धप्प आवाज झाला म्हणून शेजारचा माणूस तक्रार करत नाही. उलट 'पोरगं मेहनत करतंय' म्हणतो. शाहू महाराजांनी पैलवानाला खुराक आणि मैदान दिले, गवयाला घर आणि पगार दिला. शिकवायचे काम वस्तादांनी केले. महाराजांनी जागा आणि वेळ दिला. माझ्या समजुतीप्रमाणे राजाश्रय म्हणजे एवढेच. आता राजे गेले. आता तो आश्रय द्यायचा कुणी? तुम्ही-आम्हीच की. सोसायटीने.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे? एक मुलगी तबला शिकते, दोन मुले पेटी, एक गिटार. आणि एक मुलगा आहे, गणपतीत बेंजो पथकात वाजवतो. नाव घेत नाही, इथेच बसलाय, लाजेल. त्याच्या वडिलांनी गेल्या दिवाळीत त्याला जुना ड्रमसेट घेऊन दिला. कमिटीकडे दोन लेखी तक्रारी आल्या. तेव्हापासून तो सेट पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आहे, आणि मुलगा उशीवर काठ्या मारून सराव करतो. मी पार्किंगमधून रोज फिरायला जातो, रोज ती ताडपत्री बघतो.

तक्रार करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांचे म्हणणे रास्त आहे. कुणाच्या घरात आजारी माणूस आहे, कुणाची सून रात्रपाळी करून सकाळी झोपते, कुणाचे बारावीचे वर्ष आहे. फ्लॅटच्या भिंती वाड्यासारख्या जाड नसतात. ड्रमचा आवाज भिंतीतून आणि स्लॅबमधून जातो, दार लावून थांबत नाही. पण दुसऱ्या बाजूनेही विचार करू. आपल्या डोक्यावरून उजळाईवाडीच्या विमानतळावर विमान उतरते, ते आपण ऐकून घेतो. गणपतीत डॉल्बीने खिडकीची काच थरथरते, तेही 'वर्षातून एकदा' म्हणून सोसतो. मग आपल्याच पोराचे रोजचे तासभर का नको?

म्हणून माझी सूचना, बँकेच्या नोटसारखी मुद्देसूद. एक, हॉल रोज संध्याकाळी पाच ते सात सरावाला मोकळा ठेवावा. रात्री दहा ते सकाळी सहा हा तर कायद्यानेच शांततेचा वेळ आहे; आपण त्याच्या बरेच अलीकडे थांबू. दोन, फेब्रुवारी-मार्चमध्ये, परीक्षांच्या काळात, ड्रम बंद, तबला-पेटी चालू. तीन, ड्रम वाजवणाऱ्याने हाताचा सराव रबरी पॅडवर घरी करावा. त्याचा आवाज टेबलावर बोट आपटल्याएवढा येतो, आणि मोठमोठे ड्रमवालेही रोज तोच सराव करतात. चार, हॉलच्या खिडक्यांना जाड पडदे आणि ड्रमखाली जुनी गादी किंवा सतरंजी. त्याला लागणारा खर्च सोसायटीने करू नये. आम्ही चार-पाच पेन्शनर मिळून करू. पाच, कुणाच्या घरी आजारपण किंवा दुःखद प्रसंग असेल, तर एका फोनवर सराव बंद, कारण विचारायचे नाही. आणि सहा, तीन महिन्यांनी पुन्हा विषय घ्यावा. त्रास होतोय असे दिसले तर परवानगी काढून घ्यावी. मुदत ठेव समजा, तीन महिन्यांची. नाही पटले तर मोडा.

पालकांना एक सांगतो. उद्या यातून कुणी त्रिलोक गुर्टू होईल, असे आमिष मी दाखवत नाही. तसे होणे लाखात एक. बहुतेक मुले इंजिनिअर होतील, दुकान सांभाळतील, परीक्षा देऊन बँकेतही जातील. पण ज्याने रोज तासभर एक ठेका न सोडता धरून ठेवला, त्याला धीर म्हणजे काय ते कळते. दुसरा वाजवत असताना आपण दबून साथ द्यायची, आणि आपली पाळी आली की न घाबरता पुढे यायचे, हेही कळते. सोसायटीच्या सभेत आपल्याला हेच जमत नाही!

(इथे सभागृहात हशा झाला, आणि सगळ्यात मोठ्याने कमिटीच हसली, हे नमूद करतो.)

शोभाताई 27 सप्टेंबर 2004 रोजी गेल्या. कोल्हापुरात त्यांच्यासाठी एका घराचे दार उघडे होते, म्हणून त्या घडल्या. त्यांच्या घराचे दार मुलाच्या ड्रमसाठी उघडे राहिले, म्हणून तो घडला. आपल्या हॉलची किल्ली कमिटीच्या कपाटात आहे. सातव्या विषयावर हात वर करताना तेवढे आठवा.

सोसायटीला पंचवीस वर्षांबद्दल मनःपूर्वक शुभेच्छा.